तीन महिने व्यायाम करूनही अंग का भरत नाही?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमचे वय २२, उंची ५ फूट ७ इंच आणि वजन ५५ किलो आहे. तुम्ही कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत फिरत्या पाळ्यांमध्ये काम करता, खोलीवर राहता, मेसचा डबा खाता आणि तीन महिन्यांपासून जिमला जाता. आठवड्याचे सहा दिवस जायचे ठरवले होते, पण प्रत्यक्षात चार दिवस जाणे होते. या तीन महिन्यांत वजन अर्धा किलोही वाढलेले नाही. जिममधील प्रशिक्षकाने मास गेनरचा (वजन वाढवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या भुकटीचा) तीन किलोचा डबा घ्यायला सांगितले आहे, मित्र व्हे (दुधातील प्रथिनांची भुकटी) घे म्हणतो, आणि या दोहोंपैकी काय घ्यावे असे तुम्ही विचारले आहे. शेवटी तुम्ही असेही लिहिले आहे की ऑक्टोबरमध्ये द्राक्षबागेच्या छाटणीसाठी तीन आठवडे तासगाव तालुक्यातील गावी जावे लागते, तेवढ्या काळात केलेले सगळे वाया जाईल का.

मी सांगलीच्या गावभागात गेली २४ वर्षे व्यायामशाळा चालवतो आणि त्याआधीची आठ वर्षे तालमीच्या मातीत गेलेली आहेत, त्यामुळे पुढे जे लिहीत आहे ते बहुतांशी डोळ्यांसमोर घडलेले आहे. डब्याविषयी मी सांगणार आहे, पण बरेच खाली, कारण तुमची अडचण डब्यापाशी नाही. तुम्ही बेंचप्रेस (बाकावर उताणे झोपून रॉड छातीवरून वर ढकलणे), डंबेल्स, पुलडाउन (मशीनचा वरचा दांडा छातीकडे खाली ओढणे) ही सगळी नावे लिहिली आहेत, परंतु त्यांपैकी एकाही नावापुढे किलोचा आकडा नाही. पहिल्या दिवशी बेंचवर किती वजन घेतले होते आणि काल किती घेतले, हे तुम्हाला चटकन सांगता येणार नाही असा माझा अंदाज आहे. आणि आठवून सांगितलेत तर ते दोन आकडे फारसे वेगळे निघणार नाहीत. म्हणून तुमचा प्रश्न मी असा वाचतो: शरीराला वाढण्याची गरज भासते आहे का, आणि भासली तर वाढायला लागणारे अन्न त्याला मिळते आहे का?

गरज हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. आपल्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणाऱ्या हमालांकडे कधी नीट पाहा. नव्याने कामाला लागलेला पोरगा पहिल्या सहा महिन्यांत ओळखू येत नाही इतका बदलतो. मान भरते, खांदे रुंदावतात, पाठीचे स्नायू सदऱ्यातून दिसू लागतात. त्यानंतर मात्र तो पंधरा-वीस वर्षे तेच काम करतो आणि त्याचे अंग आहे तेवढेच राहते. त्याच्या कष्टात कसूर नसते. पोते तेवढेच राहते, म्हणून अंगही तेवढेच राहते. स्नायू सांभाळायला शरीराला सतत अन्न खर्चावे लागते, त्यामुळे रोजच्या कामाला पुरेल तेवढाच स्नायू ते ठेवते आणि त्यापुढे एक तोळाही बांधत नाही. तुम्ही तीन महिने त्याच पोत्याला रोज उचलत आहात, फक्त त्या पोत्याचे नाव डंबेल आहे.

वजन क्रमाक्रमाने वाढवत नेण्याचे हे तत्त्व नवे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस टॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टराने जखमी सैनिकांच्या अशक्त झालेल्या पायांसाठी ते पद्धतशीरपणे वापरले, आणि दहा-दहा रेप्सचे तीन सेट (रेप म्हणजे व्यायामाची एक पूर्ण हालचाल, सेट म्हणजे न थांबता केलेल्या रेप्सची एक फेरी) ही आज प्रत्येक जिममध्ये दिसणारी मांडणी बरीचशी त्यांच्या कामातून आलेली आहे. आपल्याकडे तालमीत वस्ताद हेच वेगळ्या रीतीने करत असत. पोराचे वजन तेवढेच राही, पण जोर-बैठकांचा आकडा चढत जाई. त्यात एक मर्यादा आहे. एका दमात तीस-चाळीसच्या पुढे सहज जाऊ लागलात की तो व्यायाम दम वाढवतो, आकार फारसा वाढवत नाही. पैलवानाला दमाची गरज असते म्हणून त्याच्यासाठी ते योग्यच होते. तुमचा हेतू वेगळा आहे, म्हणून तुम्हाला रेप्सपेक्षा लोखंड वाढवणे सोपे जाईल.

इथे ताकद आणि आकार यांतला फरक समजून घ्यावा लागेल, कारण नवख्या मुलांचा सर्वांत मोठा हिरमोड याच ठिकाणी होतो. आपल्या सांगलीच्या संकेत सरगर याने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो वजनगटात रौप्यपदक मिळवले. स्नॅचमध्ये (एका झटक्यात डोक्यावर) ११३ किलो, क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर) १३५ किलो, एकूण २४८. तुमच्याइतक्याच वजनाच्या माणसाने स्वतःच्या वजनाच्या जवळपास अडीचपट वजन डोक्यावर नेले. वेटलिफ्टरला आपल्या गटात राहायचे असते, म्हणून तो खाणे मोजून ठेवतो आणि मज्जासंस्थेला इतके तयार करतो की आहे त्या स्नायूंतील जास्तीत जास्त तंतू एकाच क्षणी कामाला लागतात. तुमच्याही बाबतीत पहिल्या सहा-आठ आठवड्यांत उचलायचे जे वजन वाढते त्यातील मोठा वाटा याच शिकण्याचा असतो. आरसा तेव्हा काहीच दाखवत नाही. त्यानंतर आकार दिसायला लागायचा, तर दोन गोष्टी लागतात. उचलायचे वजन वाढत राहिले पाहिजे आणि ताटही वाढले पाहिजे. ताट न वाढवता वजन वाढवत गेलात तर तुम्ही बळकट व्हाल, पण सडपातळच राहाल. वजन न वाढवता ताट वाढवलेत तर पोट सुटेल.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. उद्या शंभर पानी वही घ्या. मोबाइलवर लिहिलेत तरी चालेल, पण माझा अनुभव असा की मोबाइल हातात घेतलेला मुलगा दोन सेटच्या मध्ये पाच मिनिटे हरवतो. वहीत तारीख, व्यायामाचे नाव, वजन आणि प्रत्येक सेटमधील रेप्स एवढेच लिहायचे. समजा बेंचप्रेसला रॉडसकट ३० किलो घेतले आणि तीन सेटमध्ये अनुक्रमे १०, ९ आणि ८ रेप्स निघाल्या. पुढच्या वेळी वजन तेच ठेवून ११, १०, ८ काढायचा प्रयत्न करायचा. असे करत तिन्ही सेटमध्ये १२ रेप्स स्वच्छ निघाल्या की दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट लावून ३२.५ किलो करायचे. त्या दिवशी रेप्स पुन्हा ९, ८, ८ वर येतील. त्याने नाराज होऊ नका, चढण तिथूनच परत सुरू होते. पुष्कळ जिममध्ये सव्वा किलोच्या प्लेट्स नसतात किंवा कोपऱ्यात कुठेतरी पडलेल्या असतात. मालकाकडे मागा, नाहीच मिळाल्या तर एक जोडी स्वतः विकत घ्या, डब्याच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ आहे. डंबेल्सच्या बाबतीत अडचण मोठी असते, कारण १२.५ वरून १५ किलोवर जाणे म्हणजे एकदम वीस टक्क्यांची उडी असते. तिथे १२ वर न थांबता १५ रेप्सपर्यंत जा आणि मगच पुढची जोडी उचला.

सुरुवातीच्या महिन्यांत जवळपास प्रत्येक आठवड्याला काहीतरी वाढायला हवे, निदान एक रेप तरी. सलग तीन आठवडे एखाद्या व्यायामाच्या ओळीत काहीच बदलले नाही, तर वही तुम्हाला ते दाखवेल आणि मग झोप, खाणे की व्यायामाची रीत यांपैकी काय बिघडले हे शोधता येईल. वहीशिवाय हे कळत नाही. घाम आला, छाती फुगली, म्हणजे व्यायाम झाला असे वाटत राहते. छातीचा तो फुगवटा तासाभरात उतरतो.

दुसरी गोष्ट, सेट कुठे थांबवायचा. बहुतेक नवी मुले बारा रेप्स लिहिलेल्या आहेत म्हणून बाराव्या रेपला थांबतात, दमली म्हणून नव्हे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका मुलाला मी त्याच्या नेहमीच्या बारा रेप्सच्या वजनावर, मशीनवर बसवून, निघतील तेवढ्या काढायला सांगितल्या. त्याने २१ काढल्या. म्हणजे वर्षभर तो सेट निम्म्यावर सोडत होता. सेट संपवताना स्वतःला विचारा की नीट रीतीने आणखी किती निघाल्या असत्या; उत्तर एक ते तीनच्या दरम्यान असावे. पाच किंवा त्याहून जास्त असेल तर तो सेट सरावाचा झाला. हा अंदाज सुरुवातीला चुकतो, म्हणून महिन्यातून एकदा पुलडाउन किंवा लेग प्रेससारख्या सुरक्षित मशीनवर शेवटच्या सेटला पूर्ण थकेपर्यंत जाऊन पाहा. बेंचप्रेसवर एकट्याने हा प्रयोग करू नका. छातीवर अडकलेला रॉड उचलायला तिथे माणूस हवा. आणि कंबर उचलून, झटका देऊन काढलेल्या रेप्स वहीत लिहू नका. लोखंड खाली आणताना दोन-तीन सेकंद घ्या, सांध्याची हालचाल पूर्ण होऊ द्या. अर्ध्या हालचालीत मोठे वजन मारणाऱ्यांपेक्षा पूर्ण हालचालीत मध्यम वजन उचलणारे माझ्याकडे जास्त वाढलेले आहेत.

आता तुमच्या सहा दिवसांच्या वेळापत्रकाकडे येतो. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, आणि शनिवारी पाय, असे ते असणार हे न विचारताच सांगता येते, कारण भिंतीवर लावलेले तक्ते बहुतेक तसेच असतात. प्रत्यक्षात तुम्ही चार दिवस जाता, म्हणजे शनिवार येतच नाही, आणि तिसरी, म्हणजे रात्रीची, पाळी लागली की बुधवारही जातो. छातीचा मात्र दर आठवड्याला पंधरा-वीस सेटचा मारा होतो, त्यातले शेवटचे सात-आठ सेट केवळ थकव्याचे असतात, आणि मग त्या स्नायूला पुढचे सहा दिवस काहीच काम नसते. नवख्या माणसाच्या स्नायूत व्यायामाने चालू झालेली बांधणी साधारण दोन दिवसांत ओसरते. म्हणून तुमच्यासारख्याने आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, दर वेळी सर्व शरीराचा व्यायाम करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. एखादा दिवस चुकला तरी प्रत्येक स्नायूला दोनदा काम मिळालेले असते. प्रगत लोकांना सहा दिवसांची विभागणी उपयोगी पडते, त्याबद्दल माझा वाद नाही. पण त्यांना ती लागते कारण त्यांचा एका स्नायूचा कामाचा भार मोठा झालेला असतो.

दोन आराखडे करून ते आलटून पालटून करा. पहिल्या दिवशी स्क्वॅट (रॉड खांद्यांवर घेऊन उकिडवे बसणे आणि उठणे), बेंचप्रेस आणि बसून केबल ओढण्याचा रोइंग. दुसऱ्या दिवशी रोमानियन डेडलिफ्ट (रॉड हातात धरून, गुडघे किंचित वाकवून, खुब्यातून वाकणे आणि उठणे), खांद्यांचा डंबेल प्रेस आणि लॅट पुलडाउन. प्रत्येकाचे तीन सेट, दोन सेटमध्ये दोन ते तीन मिनिटे विश्रांती, आणि शेवटी हवे असल्यास दंडांसाठी दोन-तीन सेट. दंडाचे आकर्षण मला समजते, तुमच्या वयात मीही त्यापलीकडे पाहत नव्हतो, पण पुलडाउन आणि रोइंगमध्ये दंड आधीच कामाला लागलेला असतो. एवढ्याने तास-सव्वा तास होतो. दर वेळी सुरुवातीला पाच मिनिटे अंग गरम करावे आणि प्रत्येक मोठ्या व्यायामाचे दोन हलके सेट आधी करावेत. ते मोजायचे नाहीत.

स्क्वॅटबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. खेड्यात वाढलेल्या मुलाला उकिडवे बसायची सवय असते, घोटे आणि खुबे मोकळे असतात, आणि ही मोठी देणगी आहे. तरीही पहिल्याच दिवशी त्याच्या मानेवर रॉड ठेवला की तो गुडघे आत घेऊन अर्ध्यावर थांबतो. मी प्रत्येक नव्या मुलाला पहिला महिना छातीशी एक डंबेल उभे धरून उकिडवे बसवतो. आठ किलोपासून सुरू करायचे, वीस किलोवर बारा रेप्स स्थिरपणे निघू लागल्या की रॉडखाली जायचे. मोकळ्या रॉडचेच वजन २० किलो असू शकते, काही जिममध्ये तो हलका असतो, तेव्हा एकदा काट्यावर ठेवून पाहा आणि वहीत लिहा. डेडलिफ्टमध्ये पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकणे हेच शिकायचे असते. ते जमेपर्यंत वजन वाढवायचे नाही, इथे मी फार हट्टी आहे.

दुखण्याविषयीही थोडे. नव्या व्यायामानंतर एक ते तीन दिवस स्नायू ठणकतात, ते चालते. ठणका हे वाढीचे प्रमाणपत्र नव्हे आणि तो नसला म्हणून व्यायाम फुकट गेला असेही नाही. सांध्यात टोचणारी, एकाच जागी येणारी वेदना झाली तर मात्र तो व्यायाम तिथेच थांबवा. पैज लावून पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारणारे वीर प्रत्येक गावात असतात. तसे केल्यावर स्नायू प्रचंड सुजून लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला तर घरी न थांबता रुग्णालयात जावे, कारण तुटलेल्या स्नायूंतून रक्तात आलेले द्रव्य मूत्रपिंडाला इजा करते.

यानंतर ताट. इथे हिशेब थोडा सविस्तर मांडतो, कारण तुमची खरी गळती मला इथे दिसते. तुम्ही लिहिल्याप्रमाणे सकाळी चहा-पोहे, दुपारी आणि रात्री डब्यातील तीन पोळ्या, भाजी, पातळ आमटी आणि भात, संध्याकाळी वडापाव. तीन पोळ्यांत साधारण १० ग्रॅम प्रथिने असतात, भातात चारेक, आमटी पातळ आहे म्हणून तिच्यातही चारच, भाजीत दोन. एका डब्याचे २० आणि दोन डब्यांचे ४० ग्रॅम झाले. पोहे, चहातले दूध आणि वडापाव मिळून फार तर दहा धरा. एकूण ५० ग्रॅम. सामान्य माणसाला दर किलो वजनामागे ०.८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने पुरतात, तेवढी तुम्हाला मिळत आहेत, म्हणूनच तुम्ही आजारी नाही. वजनाच्या व्यायामाने स्नायू वाढवायचे असतील तर किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास घ्यावीत, त्याहून बरेच जास्त घेतल्याने सर्वसाधारणपणे फारसा जादा लाभ दिसत नाही. तुमच्या ५५ किलोला ते ८८ ग्रॅम होतात. म्हणजे रोज सुमारे ४० ग्रॅमची तूट आहे.

ही तूट खोलीवर, फारशी भांडी न घासता भरून काढता येते. तीन उकडलेली अंडी म्हणजे १८ ग्रॅम, अर्धा लिटर दूध म्हणजे सोळा, आणि मूठभर, साधारण ३० ग्रॅम, शेंगदाणे म्हणजे सात ते आठ. झाले ४० ग्रॅमच्या वर. संध्याकाळचा वडापाव सोडून त्या जागी दूध आणि शेंगदाणे घेतलेत तर एकूण उष्मांक रोज चारशेच्या आसपास वाढतील, आणि तुमच्या बांध्याला सुरुवातीसाठी ते ठीक आहे. श्रावणात किंवा उपवासाच्या वारी अंडी चालत नसतील तर ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून २५ ग्रॅम मिळतात. भिजवून पिळून घेतल्या की मेसच्या भाजीच्या रश्श्यातही चालतात. मोड आलेली मटकी, फुटाणे, पनीर हेही आहेच. दूध पचत नसेल तर दही घ्या. मेसच्या मावशींना आमटीऐवजी घट्ट वरण द्यायला सांगा, महिन्याला थोडे पैसे जास्त द्यावे लागले तरी. मी तालमीत असताना आमच्या खुराकात दूध आणि बदामाच्या थंडाईचे कौतुक फार असे, पण अंग भरले ते मुख्यतः दुधाने आणि दुपारच्या झोपेने, बदाम हातावर मोजून मिळत.

वजन रोज सकाळी, शौचानंतर, काही खाण्यापूर्वी करा आणि आठवड्याची सरासरी काढा, कारण एका दिवसाचा आकडा पाणी आणि मीठ यांनी किलोभर इकडेतिकडे होतो. महिन्याला पाऊण ते सव्वा किलो वाढणे तुमच्यासाठी योग्य गती आहे. दोन आठवडे सरासरी हलली नाही तर आणखी एक पोळी आणि एक ग्लास दूध वाढवा. कंबरेचे माप दंड आणि मांडीच्या मापापेक्षा वेगाने वाढू लागले तर थोडे कमी करा. पोटभर खाऊनही वजन उतरत असेल, किंवा सोबत ताप, खोकला, सततची तहान असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

किती वाढ होईल हे मात्र मी आकड्यात सांगणार नाही. हाडांची ठेवण, अनुवंश, झोप आणि कामाचे कष्ट यांवर ते अवलंबून असते. एकाच दिवशी सुरू केलेल्या दोन सख्ख्या भावांत वर्षाअखेर चार किलोंचा फरक पडलेला मी पाहिला आहे. तुमच्या बाबतीत झोप ही सर्वांत अनिश्चित बाब आहे. तिसऱ्या पाळीवरून सुटून थेट जिमला जाऊ नका. आधी खोली अंधारी करून सहा-सात तास झोपा, उठून काही खा आणि मग संध्याकाळी जा. पाळी बदलण्याच्या आठवड्यात दोनच दिवस जमले तर दोन दिवस जा.

आता डबा. मास गेनरच्या बहुतेक डब्यांत मुख्य घटक माल्टोडेक्स्ट्रिन असतो, म्हणजे स्टार्चपासून केलेली स्वस्त भुकटी, आणि प्रथिने त्या मानाने कमी. तेवढेच उष्मांक पोळी, दूध, केळी आणि शेंगदाणे यांतून कितीतरी कमी पैशांत मिळतात. व्हे हे दुधातील प्रथिनच आहे, वाईट नाही, एका चमच्यात साधारण २४ ग्रॅम मिळतात. पण ते अन्न आहे, औषध नव्हे. अंडी-दूध जमत असेल तर त्याची गरज नाही, पाळीमुळे जमत नसेल तर सोय म्हणून घ्या. घेताना पक्की पावती, न फुटलेले सील आणि परवाना क्रमांक पाहा. मी तरुणपणी एका दुकानातून खुला डबा स्वस्तात घेतला होता, त्यात काय होते देव जाणे, पंधरा दिवस पोट बिघडलेले होते. क्रिएटिन मोनोहायड्रेट (जोराच्या कामात स्नायूंना ऊर्जा मिळायला मदत करणारी भुकटी) रोज ३ ते ५ ग्रॅम घेण्याला चांगला आधार आहे, मात्र मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी ते टाळावे. तुम्ही त्याचा विचार सहा महिन्यांनी करा. आणि कोणी इंजेक्शनची गोष्ट काढली तर तिथून उठून या. बाहेरून घेतलेल्या हार्मोनने शरीराची स्वतःची निर्मिती बंद पडते, वीर्यातील शुक्राणू घटतात, हृदयावर ताण येतो, आणि हे सांगायला विकणारा नंतर सापडत नाही.

राहिला छाटणीचा प्रश्न. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्या व्यायामशाळेत छातीएवढे पाणी होते. चिखल काढून, गंजलेल्या पुलींचे बेअरिंग बदलून पुन्हा सुरू करायला पाच आठवडे लागले. मुलांच्या वह्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या, आणि त्यामुळे मला एक गोष्ट नीट पाहता आली. परत आलेल्यांपैकी जवळजवळ सगळे पहिल्या दिवशी दहा-पंधरा टक्के खाली होते आणि तीन ते चार आठवड्यांत पूरपूर्व आकड्यावर पोहोचले, जिथे पोहोचायला त्यांना पहिल्यांदा कित्येक महिने लागले होते. एकदा बांधलेला स्नायू पुन्हा लवकर येतो; वाढीच्या वेळी स्नायूतंतूंना मिळालेली जादा केंद्रके नंतरही टिकून राहतात, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. तीन आठवड्यांत प्रत्यक्ष स्नायू फारच थोडा जातो. अंग उतरल्यासारखे दिसते ते मुख्यतः स्नायूंतील साखर आणि तिच्यासोबतचे पाणी कमी झाल्यामुळे.

शिवाय दिवसभर मांडवाखाली हात वर करून छाटणी आणि पेस्टिंग (डोळे फुटावेत म्हणून काड्यांना औषध लावणे) करणे हे खांद्यांना काही कमी काम नाही, त्यामुळे तिथे रोज व्यायामाचा हट्ट धरू नका. आठवड्यातून दोन संध्याकाळी पाठीवर भरलेली पिशवी घेऊन जोर मारा, जिन्याच्या पायरीवर एकेका पायाने चढ-उतार करा आणि वीस लिटरचा भरलेला कॅन वाकून पोटाकडे ओढा. प्रत्येकाचे तीन सेट, पंचवीस मिनिटांत आटोपेल. घरी दूध असेलच, ते सोडू नका. परत आल्यावर वहीतील शेवटच्या आकड्यापेक्षा दहा टक्के कमी वजनाने सुरू करा. आणि जाण्यापूर्वी वहीत त्या तीन आठवड्यांच्या जागी तारखा घालून पुढे 'छाटणी' एवढे लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी ती पाने चाळताना आकडा तिथे का घसरला होता हे तुम्हाला आठवावे लागणार नाही.